दारूचे निमित्त



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येक सभासद भगिनीने चार ओळी तरी लिहाव्यात, असा चिटणीसबाईंचा आग्रह आहे. पाककृती, ओव्या, भरतकाम, तीर्थयात्रा ह्यांवर लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्या माझ्याहून सरस लिहितात. मी ह्या वेळी निराळा विषय घेतला आहे. तो अवघड आहे आणि हळदीकुंकवाच्या दिवशी बोलावा असाही नाही. पण आपल्या आळीतल्या मुली आता शिकायला घर सोडून दूर जातात. त्यांच्या आयांनी, मावश्यांनी आणि काकूंनी तो एकदा नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

विषय असा आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांत मुलींवर जे अत्याचार होतात त्यांत दारूचा वाटा किती, तो लोकांच्या ध्यानात कसा आला, आणि ते टाळण्यासाठी तिथे कसले शिक्षण देऊ लागले.

मी सातवी शिकलेली बाई. अमेरिकेच्या विद्यापीठांशी माझा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा, की शेजारच्या वहिनींची थोरली तिकडे शिकायला निघाली तेव्हा विद्यापीठाने तिला संगणकावर एक धडा पुरा करायला सांगितला होता. "काकू, हा धडा केल्याशिवाय माझी नावनोंदणी पुढे सरकत नाही," असे ती म्हणाली. मला वाटले असेल काही फीचे किंवा थंडीच्या कपड्यांचे. धडा निघाला दारू आणि संमती ह्यांचा. तिने तो मला मराठीत समजावून सांगितला. कोणाची संमती खरी, कोणाची नाही, मैत्रीण झिंगलेली असेल तर काय करावे, असे एकेक प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे द्यावी लागत होती. तेव्हा माझ्या मनात आले, की असे काय झाले होते तिकडे, की प्रत्येक नव्या मुलाला आणि मुलीला आधी हे शिकवावे लागते? त्या प्रश्नाचा मी वर्षभर पिच्छा पुरवला. त्या मुलीने तिकडून वाचून सांगितले, वाचनालयातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी इंग्रजीचे मराठी करून दिले, आणि माझी एक दोनशे पानी वही भरली. त्या वहीतला सारांश इथे देते.

प्रथम जुनी गोष्ट. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतली महाविद्यालये मुलींच्या बाबतीत आईबापांच्या जागी असत. मुलींच्या वसतिगृहाला रात्री ठराविक वेळी कुलूप लागे. बाहेर जाताना वहीत नाव लिहावे लागे, आणि उशीर झाला तर शिक्षा होई. मुलांच्या वसतिगृहांना असा नियम बहुधा नसे. अशा त्या कडक काळात, १९५७ साली, इंडियाना विद्यापीठातले क्लिफर्ड कर्कपॅट्रिक आणि युजीन कॅनिन ह्या दोघा समाजशास्त्रज्ञांनी २९१ विद्यार्थिनींना विचारून एक लेख प्रसिद्ध केला. एका शैक्षणिक वर्षात त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक मुलींना कोणा ना कोणा मुलाच्या नको असलेल्या लगटीला तोंड द्यावे लागले होते. त्रास देणारे परके नव्हते. ओळखीचे, बरोबर हिंडणारे, काही तर लग्न ठरलेले होते. मुलींनी ही गोष्ट वरच्या कोणाला क्वचितच सांगितली. हा कुलपांच्या काळातला हिशेब आहे, हे ध्यानात ठेवावे. ‘पूर्वी धाक होता म्हणून सारे ठीक होते’ असे आपण म्हणतो, त्याला ह्या लेखाने आधार मिळत नाही.

१९६० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांनी चळवळी करून ती कुलपे काढायला लावली. १९७१ साली मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले, आणि त्याच सुमारास सुमारे तीस राज्यांनी दारू विकत घेण्याचे वयही खाली आणले. मग तरुण मुलांचे मोटारअपघात वाढले. कॅलिफोर्नियात १९८० साली एका दारू प्यायलेल्या माणसाच्या मोटारीखाली कँडी लाइटनर ह्या बाईंची तेरा वर्षांची मुलगी गेली. त्यांनी मातांची एक संघटना उभी केली आणि ती देशभर पसरली. अखेर १९८४ साली रेगन अध्यक्ष असताना कायदा झाला. जे राज्य एकवीस वर्षांखालच्यांना दारू घेऊ देईल, त्याच्या रस्त्यांसाठीच्या पैशात केंद्र सरकार कपात करील, असा तो कायदा. १९८८ पर्यंत सगळी राज्ये एकवीसवर आली. एका आईच्या दुःखातून देशाचा कायदा बदलला, हे वाचून माझा ऊर भरून आला. रस्त्यावरचे अपघातही पुढे कमी झाले. मात्र महाविद्यालयात येणारी मुले बहुतेक अठरा-एकोणीसची. त्यांची दारू थांबली नाही. ती उघड्यावरून चार भिंतींआड गेली.

त्या चार भिंती कोणाच्या, हे समजून घेण्यासारखे आहे. तिकडे मुलांची आणि मुलींची निरनिराळी मंडळे असतात. मुलांच्या मंडळाला फ्रॅटर्निटी म्हणतात, मुलींच्या मंडळाला सोरोरिटी. पुष्कळांची स्वतःची मोठी घरे असतात आणि सभासद तिथेच राहतात. मुलींच्या ज्या मोठ्या राष्ट्रीय संस्था आहेत त्यांच्या घरांत दारू आणायला बंदी आहे. त्यामुळे मेजवानी व्हायची ती मुलांच्या घरी. म्हणजे घर त्यांचे, दारू त्यांची, पेला भरणारे हात त्यांचे, दार कोणाला उघडायचे हे ठरवणारे तेच, आणि रात्री परत जायची सोय कोणाची होणार हेही बहुधा त्यांच्याच हाती. अठरा वर्षांची, नवी, वयाने दारूला अपात्र मुलगी तिथे पाहुणी म्हणून जाते. उद्या काही झाले तर ‘मी प्यायले होते’ हे कबूल करावे लागेल, ह्या भयाने ती तोंडही उघडत नाही. पहिल्या वर्षाचे पहिले काही आठवडे मुलींना अधिक धोक्याचे असतात, असे तिकडच्या अभ्यासकांना आढळले आहे.

ह्याच काळात एक भयंकर घटना घडली. पेनसिल्व्हेनिया राज्यात लीहाय नावाचे विद्यापीठ आहे. तिथे पहिल्या वर्षात शिकणारी जीन क्लेरी ही एकोणीस वर्षांची मुलगी ५ एप्रिल १९८६ च्या पहाटे आपल्या वसतिगृहाच्या खोलीत झोपली होती. त्याच विद्यापीठातला एक विद्यार्थी रात्रभर पिऊन आला. वसतिगृहाची दारे आपोआप कुलूप लागणारी होती, पण येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांनी ती फटीत खोकी घालून उघडी ठेवलेली होती. तो सरळ आत गेला. त्याने तिच्यावर अत्याचार केला आणि तिला ठार मारले. जीन प्यायलेली नव्हती, मेजवानीत नव्हती, आपल्या बिछान्यात होती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. दारू आणि अत्याचार म्हटले, की आपले डोळे आधी मुलीच्या पेल्याकडे जातात.

तिचे आईवडील कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी ह्यांना नंतर कळले, की त्या विद्यापीठाच्या आवारात आधीच्या तीन वर्षांत अनेक हिंसक गुन्हे झाले होते आणि मुलांच्या पालकांना त्यांची वार्ता नव्हती. त्यांनी विद्यापीठावर दावा लावला, आणि त्यातून मिळालेला पैसा ह्याच कामाला लावून एक संस्था काढली. राज्यात १९८८ साली कायदा झाला आणि १९९० साली साऱ्या देशासाठी. आवारात घडलेल्या गुन्ह्यांची आकडेवारी विद्यापीठांनी दर वर्षी प्रसिद्ध केलीच पाहिजे, असे त्या कायद्याने ठरले. १९९८ पासून त्या कायद्याला जीनचेच नाव आहे. आज एखादी आई, मग ती पुण्यात बसलेली का असेना, मुलीला तिकडे पाठवण्यापूर्वी तिथला हा अहवाल मागवून पाहू शकते. वहिनींनी तो पाहिला, हे मला ठाऊक आहे.

तोवर अशा अत्याचारांची खरी मोजदाद कोणी केलेली नव्हती. पोलिसांच्या वहीत जेवढे येई तेवढेच. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मेरी कॉस ह्यांनी ते काम हाती घेतले. ‘मिझ’ ह्या स्त्रियांच्या मासिकाची त्यांना साथ होती. ३२ महाविद्यालयांतल्या ६,१५९ विद्यार्थी-विद्यार्थिनींना त्यांनी प्रश्न विचारले आणि १९८७ साली निष्कर्ष छापले. चौदाव्या वर्षापासून पुढे बलात्कार किंवा बलात्काराचा प्रयत्न सोसल्याचे चारांत एकीहून अधिक मुलींनी सांगितले. बहुतेकींचा गुन्हेगार ओळखीचा होता. अशा प्रसंगांत सुमारे तीन-चतुर्थांश पुरुष आणि निम्म्याहून अधिक मुली दारू किंवा दुसरी नशा केलेल्या होत्या. आणि सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट ही, की कायद्याने जो बलात्कार ठरतो तो सोसलेल्या मुलींपैकी फक्त चौथा हिस्सा मुली त्याला बलात्कार म्हणत होत्या. बाकीच्यांना वाटे, काही तरी विपरीत घडले खरे, पण आपण प्यायलो होतो, तो ओळखीचा होता, मग दोष आपलाच.

कॉसबाईंवर टीकाही झाली. बर्कलीचे प्राध्यापक नील गिल्बर्ट म्हणाले, की दारूविषयीचा प्रश्नच संदिग्ध आहे. पुरुषाने दारू दिली म्हणून इच्छा नसताना संबंध आला काय, असा तो प्रश्न होता. पाजून शुद्ध घालवली की नुसता एक पेला पुढे केला, हे त्यातून उमगत नाही. ह्या आक्षेपात तथ्य होते. कॉसबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ती प्रश्नावली सुधारली आणि २००७ साली नवी प्रसिद्ध केली. नंतरच्या मोजण्या निरनिराळ्या व्याख्या घेऊन झाल्या, आकडे मागेपुढे झाले, पण प्रश्न लहान आहे असे कोणत्याच मोजणीने म्हटले नाही. २०१५ साली २७ विद्यापीठांतल्या दीड लाख विद्यार्थ्यांची मोठी पाहणी झाली. तिच्यात पदवीचे शिक्षण घेणाऱ्या मुलींपैकी २३ टक्क्यांनी सांगितले, की विद्यापीठात आल्यापासून बळजबरीने, धमकीने किंवा आपली शुद्ध नसताना कोणी तरी आपल्याशी नको ते वर्तन केले. ह्यात नकोशा स्पर्शापासून बलात्कारापर्यंत सारे धरले आहे.

आता प्रश्न येतो दारू नेमके काय करते हा. ‘दारू पोटात गेली की माणसाचा ताबा सुटतो, तो तरी काय करणार?’ असे आपल्या आजूबाजूच्या किती तरी बायकांनी नवऱ्याचा मार खाऊन म्हटलेले आपण ऐकले आहे. ह्या समजुतीची एका प्रयोगात परीक्षा झाली. ॲलन मार्लॅट आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७५ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी तरुण पुरुषांचे गट केले. काहींना सांगितले की तुम्हांला व्होडका दिली आहे, काहींना सांगितले की नुसते टॉनिकचे पाणी दिले आहे. ह्यांत निम्म्यांना खरे सांगितले आणि निम्म्यांना खोटे. मग दुसऱ्या माणसाला विजेचा झटका द्यायचे काम त्यांना दिले. ज्यांना आपण दारू प्यालो असे वाटत होते त्यांनी अधिक जोराचे झटके दिले. पोटात खरोखर दारू होती की पाणी, ह्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे दारूइतकेच, काही वेळा दारूहून अधिक, दारूचे निमित्त काम करते. ‘आज मला मुभा आहे’ असे मनाने घेतले की हात सैल सुटतो.

ह्याचा अर्थ दारूचा परिणामच नाही असा मात्र नव्हे. डेट्रॉइटच्या अँटोनिया ॲबी ह्या अभ्यासिकेने पुष्कळ वर्षे ह्याच विषयावर काम केले. त्यांच्या २००२ सालच्या लेखात सांगितले आहे, की महाविद्यालयांतल्या अशा अत्याचारांपैकी सुमारे निम्म्यांत दारू असते. प्यायलेला पुरुष मुलीच्या साध्या हसण्या-बोलण्याचा हवा तो अर्थ काढतो आणि तिचा नकार त्याला ऐकू येत नाही. प्यायलेल्या मुलीला धोका उशिरा कळतो, आणि कळला तरी अंगात प्रतिकाराचे बळ राहत नाही. शिवाय पुष्कळांची अशी समजूत असते, की पिणारी मुलगी ‘तसलीच’ असणार. काही मुले ही समजूत मनात धरूनच मुलीचा पेला पुन्हा पुन्हा भरतात. पेल्यात गुंगीचे औषध घालण्याची भीतीही आपण ऐकतो. असे प्रकार घडले आणि त्याविरुद्ध १९९६ साली तिकडे कायदाही झाला. पण तपासण्यांत आढळले, की अशा कामी सर्वांत जास्त वेळा वापरली जाते ती साधी दारूच. दारूने मनात नसलेले पाप उत्पन्न होते असे अभ्यासक म्हणत नाहीत. मनात असलेल्याला वाट आणि सबब दोन्ही मिळतात, एवढे त्यांतून दिसते.

मग संमती म्हणजे काय, हा वाद सुरू झाला. ओहायोतल्याच यलो स्प्रिंग्ज गावी अँटिऑक नावाचे एक लहानसे महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थिनींनी १९९१ साली आग्रह धरून नियम करवून घेतला, की जवळीक करताना प्रत्येक पायरीला तोंडाने विचारावे आणि तोंडाने होकार घ्यावा, आणि नशेत असलेल्या माणसाचा होकार हा होकार धरू नये. १९९३ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली आणि देशभर टिंगल झाली. दूरचित्रवाणीवर त्याचे प्रहसनही झाले. त्या मुलींनी टिंगल सोसली पण नियम सोडला नाही. एकवीस वर्षांनी, २०१४ च्या सप्टेंबरात, कॅलिफोर्निया राज्याने आपल्या महाविद्यालयांसाठी तशाच विचाराचा कायदा केला. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, शुद्ध हरपलेली व्यक्ती संमती देऊ शकत नाही, आणि ‘मी स्वतः प्यायलो होतो म्हणून मला होकार वाटला’ ही आरोपीची सबब चालणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

त्यानंतर चारच महिन्यांनी त्याच राज्यातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ती घटना घडली, जी पुढे जगभर गाजली. १८ जानेवारी २०१५ च्या रात्री एका फ्रॅटर्निटीच्या मेजवानीनंतर, घराबाहेर जमिनीवर बेशुद्ध पडलेल्या मुलीवर एक विद्यार्थी अत्याचार करीत होता. सायकलवरून जाणाऱ्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी ते पाहिले. मुलगी हालत नाही हे ध्यानात येताच ते ओरडले, आणि तो पळाला तेव्हा पाठलाग करून त्याला पोलीस येईपर्यंत धरून ठेवले. मार्च २०१६ मध्ये पंचांनी त्याला तीन गुन्ह्यांबद्दल दोषी ठरवले. पण न्यायाधीशांनी जूनमध्ये शिक्षा दिली ती सहा महिन्यांच्या कैदेची, आणि त्यांतले तीनच महिने त्याने भोगले. शिक्षेपूर्वी त्याने न्यायालयाला कळवले होते, की महाविद्यालयांतल्या दारू पिण्याच्या चालीविरुद्ध आपण मुलांपुढे भाषणे करू. त्या मुलीने न्यायालयात आपले लांब निवेदन वाचले. त्याचा आशय असा, की मीही प्यायले होते, तिथले सगळेच प्यायले होते, पण सगळ्यांनी हे केले नाही. दारूवर ढकलू नका, जे केले ते तुम्ही केले. ते निवेदन लक्षावधी लोकांनी वाचले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा बदलून बेशुद्ध व्यक्तीवरच्या अशा अत्याचाराला तुरुंगवास सक्तीचा केला. २०१८ च्या जूनमध्ये मतदारांनी मते देऊन त्या न्यायाधीशांना पदावरून दूर केले. २०१९ साली त्या मुलीने शानेल मिलर हे आपले नाव स्वतः जाहीर केले आणि पुस्तक लिहिले. विद्यापीठाने ऑगस्ट २०१६ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांच्या मेजवान्यांत कडक दारूला बंदी केली. त्यावरही पुष्कळांनी विचारले, की बाटली लहान केली, पण मुलांना काय शिकवले?

हाच प्रश्न प्रतिबंधक शिक्षणाचा. आधीची अनेक वर्षे सारा उपदेश मुलींना होता. एकटी जाऊ नको, पेला खाली ठेवू नको, असले कपडे घालू नको. पुढे ह्याला दोन निराळ्या वाटा फुटल्या. पहिली वाट जवळ उभे असलेल्यांना शिकवण्याची. १९९३ साली बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात जॅक्सन कॅट्झ ह्यांनी खेळाडू मुलांना घेऊन वर्ग सुरू केले. पुढे न्यू हॅम्पशर विद्यापीठात असेच काम झाले. मित्र एखाद्या झिंगलेल्या मुलीला खोलीकडे नेताना दिसला तर काय करायचे, हे त्यात शिकवतात. मध्ये बोलावे, त्याला काही कामाच्या मिषाने बाजूला घ्यावे, तिच्या मैत्रिणींना हाक मारावी, नाहीतर कोणा मोठ्याला बोलवावे. त्या दोन स्वीडिश मुलांनी केले ते हेच.

दुसरी वाट कॅनडात निघाली. विंडसर विद्यापीठाच्या शार्लीन सेन ह्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी तीन-तीन तासांचे चार पाठ तयार केले. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका कसा ओळखावा, ‘तो रागावेल, वाईट दिसेल’ ही आपल्या मनातली आडकाठी कशी दूर करावी, तोंडाने आणि हातापायांनी प्रतिकार कसा करावा, आणि आपल्याला काय हवे, काय नको हे स्वतःशी कसे ठरवावे, असे ते पाठ. दोष मुलीचा नाही, हे आधी पक्के सांगतात. तीन विद्यापीठांतल्या ८९३ मुलींवर त्यांनी ते पडताळून पाहिले. निम्म्या मुलींना पाठ दिले आणि निम्म्यांना नुसती माहितीपत्रके. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. वर्षभरात माहितीपत्रके मिळालेल्यांपैकी ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला होता, आणि पाठ घेतलेल्यांपैकी ५.२ टक्के मुलींवर. जवळजवळ निम्मे.

अमेरिकेत २०१३ च्या कायद्याने प्रत्येक नव्या विद्यार्थ्यासाठी असे शिक्षण ठेवणे विद्यापीठांना बंधनकारक झाले. शेजारच्या मुलीचा धडा आला तो तिथून. पण एक सावधगिरीचीही गोष्ट आहे. तिकडच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या अभ्यासकांनी २०१४ साली अशा उपक्रमांच्या १४० पडताळण्या तपासल्या. एकच व्याख्यान, एकच चित्रपट, एकच तास अशा थोडक्यात उरकलेल्या उपक्रमांनी वागणूक बदलल्याचे त्यांना आढळले नाही. हे वाचून मला आपल्या मंडळाची आठवण झाली, ते पुढे सांगते.

कोणी म्हणेल, ही अमेरिकेची कथा, आपला काय संबंध? आपलीही एक कथा आहे आणि ती महाराष्ट्रातलीच आहे. मार्च १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. मथुरा प्रकरण म्हणून तो ओळखला जातो. त्यांतला एक पोलीस त्या वेळी दारूने पुरता झिंगलेला होता, अशी त्या खटल्यात नोंद आहे. उच्च न्यायालयाने दोघांना शिक्षा दिली होती, परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडले. मुलीच्या अंगावर खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती, असा तो हिशेब. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार ह्या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. गावोगावच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या बदलात नशेचे एक कलमही आले. नशेमुळे जिला आपण कशाला हो म्हणतो आहोत हे कळत नाही, तिची संमती ही संमती नव्हे. खरे तर आपल्या १८६० सालच्या दंडसंहितेतही नशेतल्या संमतीला किंमत नव्हती, आणि स्वतःहून प्यालेल्याला ‘मी नशेत होतो’ ही सबब नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तत्त्वे कायम आहेत. शिवाय २०१३ च्या कायद्याने महाविद्यालयांतही तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. मुलीला प्रवेश घेताना खानावळीची चौकशी आपण करतो. तशी ह्या समितीत कोण आहे ह्याचीही करावी.

आता आपल्या मंडळाविषयी. गेल्या महिन्याच्या सभेत बाहेरगावी शिकायला जाणाऱ्या मुलींसाठी एक व्याख्यान ठेवावयाचे ठरले आणि विषय सुचवला गेला, ‘मुलींनी घ्यावयाची काळजी’. त्यावर दोन मते पडली. मुलींना दारूपासून दूर राहा म्हणून सांगावे, बस्स, असे काहींचे मत. मी म्हणते, ते अवश्य सांगावे. दारूने कोणाचे भले झालेले नाही, हे आपल्या घराघरांतून आपण पाहिले आहे. पण तेवढ्यावर थांबलो, तर जिने कोणाच्या आग्रहाने एक घोट घेतला ती मुलगी संकटात पडल्यावर आपल्याला फोन करणार नाही. तिला वाटेल, आई आधी विचारील, प्यायलीस का? आणि जीन क्लेरीसारख्या न पिणाऱ्या मुलीला त्या उपदेशाचा काय उपयोग झाला असता?

म्हणून माझी सूचना अशी आहे. व्याख्यान एकच न ठेवता चार रविवार चार बैठका ठेवाव्यात. त्यांना आपले मुलगेही बोलवावेत, आणि ते येत नाहीत म्हणाले तर आयांनी हाताला धरून आणावेत. नशेतल्या माणसाचा होकार हा होकार नव्हे, स्वतःची नशा ही सबब नव्हे, आणि मित्र वाईट वागत असेल तर मध्ये पडणे हीच मैत्री, हे तीन धडे मुलग्यांना अठरा वर्षांच्या आत मिळाले पाहिजेत. मुलींना प्रतिकार शिकवावा. आणि प्रत्येक आईने आपल्या मुलीला एकदा तोंडाने सांगून ठेवावे, की कुठेही, कोणत्याही अवस्थेत असलीस, रात्री कितीही वाजले असले, तरी आधी मला फोन कर. मी प्रथम तुला घरी आणीन, बाकीचे मग बोलू.

तिकडे कायदे बदलले त्यांत आया होत्या, विद्यार्थिनी होत्या, टिंगल सोसणाऱ्या होत्या. आपले मंडळ लहान आहे. पण चार रविवार काही आपल्याला जड नाहीत. पुढच्या सभेत ह्या सूचनेला आपण सर्वांनी अनुमोदन द्यावे, एवढीच विनंती करते आणि लेखणी ठेवते.

— एक सभासद भगिनी